वरचा पाला

कातरणी उरकली की वस्तीवर वारा सुटतो, आणि वारा सुटला की वस्तीतल्या बायकांचे हात फुटतात. म्हणून सगळ्या जणी वाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. खरं तर दोष वाऱ्याचा अर्धाच, उरलेला अर्धा सोड्याच्या पाण्याचा. मेंढ्यांच्या अंगावरून उतरलेली लोकर झटकायची, हौदावर नेऊन सोड्याच्या कढत पाण्यात काठीने बुडवायची, पिळायची आणि पुन्हा बुडवायची. कोपरापर्यंत हात पाण्यात, वरून कोरडा वारा. आठवडाभरात बोटांच्या बेचक्या लाल होतात, मग भेगा पडतात, मग त्या भेगांत सोडा जातो आणि बाई नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. नवरा बिचारा तेव्हा मेंढ्यांमागे रानात असतो.

यावर वस्तीत एकच इलाज होता, शेवटच्या घरातल्या म्हातारीचं मलम. हौदात लोकर उकळली की पाण्यावर पिवळट, चिकट थर येतो, ती लोकरीतली चरबी. म्हातारी ती वाटीने अलगद काढायची, चार पाण्यांत उकळून धुवायची, फडक्यातून गाळायची. त्यात मधाच्या पोळ्याचं मेण, तेल, झेंडूच्या पाकळ्या, कोरफडीचा गर आणि कुंपणाला वाढणारा एक कडू पाला. शेवटी लिंबाच्या सालीचा अर्क, वासापुरता. "नाकाला आवडलं तरच माणूस लावतो," असं तिचं म्हणणं. वस्तीतली लहानथोर तिला मलमआजी म्हणत. तिच्या तोंडावर म्हटलं की ती रागावल्यासारखं करायची, पण मनातून खूश व्हायची.

या मलमआजीच्या घरातच खरजेने ठाण मांडलं होतं. तिची नात सहा वर्षांची. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, मानेभोवती तिची कातडी लाल, खरबरीत व्हायची आणि ओली व्हायची. खारीसारखी दोन्ही हातांनी भराभर खाजवायची म्हणून बापानेच तिचं नाव खारू पाडलं होतं. आजी तिला दिवसातून तीनदा मलम चोळायची. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. हौदावर बायका आजीकडूनच मलम न्यायच्या आणि तिची पाठ वळली की म्हणायच्या, "जगाला मलम वाटतेय, आणि घरची पोरगी बघा!"

हे बोलणं खारूच्या आईच्या कानावर आलं. वस्तीत तिला धाकटी म्हणत, कारण थोरली सून नवऱ्याबरोबर शहरात राहत होती. धाकटी कामाला वाघीण, बोलायला कमी. तिला त्या बोलण्याचा राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते सासूचं. म्हातारीही ऐकून होती. ताटावर बसली की दोन घास खाऊन उठायची. नातीच्या मानेकडे बघायची आणि मलमाचा डबा पुसत बसायची.

"आई, एकदा डॉक्टरला दाखवू या का?" धाकटीने विचारून बघितलं.

"दाखव की. म्हणजे हौदावरच्या बायकांना आणखी एक विषय मिळेल. मलमआजीची नात डॉक्टरच्या दारात!" म्हातारी म्हणाली. "माझ्या सासूने हेच मलम लावून अख्खी वस्ती बरी केली. दुकानातलं काही माझ्या घरात लावायचं नाही, सांगून ठेवते."

विषय तिथेच मिटला. निदान म्हातारीपुरता तरी मिटला.

त्याच सुमारास शेळ्यांनी कुंपणाचा कडू पाला बुडख्यापर्यंत खाऊन टाकला. मलमाचा नवा घाणा करायचा, तर पाला हवा. म्हातारी काठी घेऊन दगडाच्या खाणीमागच्या टेकडीवर गेली आणि तिथून पदरात पाला भरून आणला. वरचा पाला आखूड, जाड आणि जास्त कडू. त्याच दिवशी धाकटी सोडा आणायला बाजारात गेली होती. औषधाच्या दुकानासमोरून ती आधी उगाच पुढे गेली, मग मागे आली. दुकानदाराने खारूचं वयही विचारलं नाही. "खाज ना? ही घ्या. दोन दिवसांत साफ," असं म्हणत त्याने एक ट्यूब कागदात गुंडाळून दिली.

घरी आली तेव्हा म्हातारीने खारूसाठी वेगळ्या छोट्या डबीत ताजं मलम काढून ठेवलं होतं आणि ती मेंढ्यांना पाणी दाखवायला गेली होती. धाकटीने डबी उघडली. ट्यूब पिळली, काडीने ढवळली. पांढरं पिवळ्यात मिसळून गेलं, काही कळेनासं झालं. तिचं लक्ष दाराकडे होतं, पण मनात पाप नव्हतं. पोरीला झोप लागावी, सासूने पोटभर जेवावं, एवढंच तिला हवं होतं. दोन्ही गोष्टी एका काडीने होणार असतील तर काडी फिरवायला काय जातं, असं तिला वाटलं.

आणि दोन्ही गोष्टी झाल्या. तीन-चार दिवसांत खारूची मान अशी स्वच्छ झाली की बापाने तिला उचलून उजेडात नेऊन पाहिली. म्हातारीला तर आनंदाने काय करू अन् काय नको असं झालं. पोरीला कडेवर घेऊन ती घरोघर फिरली. "बघा गं. हात लावून बघा. वरचा पाला! खालच्या पाल्यात दम नव्हता, मला इतकी वर्षं कळलंच नाही!"

रात्रीच्या जेवणाला तिने मागून भाकरी घेतली. धाकटीने ती वाढली, आणि तिला खूप बरं वाटलं. हे असं बरं वाटणंच पुढे तिच्या अंगाशी आलं.

कारण म्हातारी गप्प बसणारी नव्हती. नातीला गुण आला तो वरच्या पाल्याने, तर मग वस्तीतल्या सगळ्यांनाच वरच्या पाल्याचं मलम मिळायला हवं. दर दोन-चार दिवसांनी ती खाणीमागची टेकडी चढू लागली. तिथे धड वाट नाही, सगळी घसरडी खडी. सकाळी जायची ती उन्हं डोक्यावर आल्यावर यायची. गुडघे सुजलेले, पायात काटे, चेहरा मात्र नव्या नवरीचा. पाला निवडायचा, कुटायचा, चरबीत कढवायचा. चुलीपुढे बसून बसून तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं.

पण बायकांच्या हातांना काही तसा गुण येईना. भेगा मऊ पडायच्या, आग कमी व्हायची, एवढंच. आधीही एवढंच व्हायचं आणि तेव्हा तेवढ्यावर सगळ्या समाधानी असायच्या. आता मात्र खारूची मान सगळ्यांनी बघितली होती.

"आमच्या वाट्याला पातळ देतेस वाटतं, आजी?" हौदावर एकीने चेष्टा केली.

म्हातारी हसली, पण तिला ते लागलं. घरी येऊन ती म्हणाली, "माझंच कुठेतरी चुकतंय गं. त्या दिवशी मी पाला उन्हं चढायच्या आधी तोडला होता की नंतर? मेण आधी घातलं की तेल? तुला काही आठवतंय का?"

"नाही आई," धाकटी म्हणाली. तिला सगळं आठवत होतं.

"आठव की जरा! तू घरातच होतीस ना?"

"मी बाजारात गेले होते."

हे खरं होतं. एवढंच खरं बोलून तिने मान खाली घातली आणि पीठ मळत राहिली.

इकडे डबीचं वेगळंच चालू झालं होतं. ट्यूब संपली तेव्हा धाकटीने दोन-चार दिवस नुसतं मलम लावून बघितलं. खारूची मान पूर्वीपेक्षा दुपटीने पेटली. लाल नाही, लालभडक. पोरगी रडून रडून बेजार. म्हातारी घाबरली, "पाला जुना झाला," म्हणत त्याच दुपारी पुन्हा टेकडीवर निघाली. ती वर गेली आणि धाकटी बाजारात गेली. दुसरी ट्यूब आणली, तिच्यामागून तिसरी. आता काडी फिरवताना ती दाराकडे बघतही नव्हती.

एकदा खारूने तिला बघितलं. "आई, काय घालतेस?"

"औषध. आजीला सांगायचं नाही हं. आजीने विचारलं तर काय म्हणायचं?"

"काय?"

"म्हणायचं, आजी, तुझ्याच मलमाने बरं वाटतंय."

खारूने ते पाठ केलं. पोर हुशार. त्या संध्याकाळी आजीने मान चाचपत विचारलं, "काय गं खारूबाई, कसं वाटतंय?" तेव्हा तिने आधी आईकडे बघितलं. आईने हळूच मान हलवली. मग ती एका दमात म्हणाली, "आजी तुझ्याच मलमाने बरं वाटतंय." म्हातारीने तिचा मुका घेतला. धाकटी उठून अंगणात गेली आणि कारण नसताना लाकडं रचत बसली.

हिवाळा असाच सरत गेला. एका सकाळी खारूला आंघोळ घालताना धाकटीच्या लक्षात आलं, की पोरीच्या कोपराच्या आतल्या कातडीतून निळ्या शिरा दिसतायत. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. काखेजवळ जांभळट रेघा उठल्या होत्या. नखाचा नुसता ओरखडा लागला तरी रक्त यायचं. आणि ट्यूब घालूनही आता खाज पूर्वीसारखी जात नव्हती. धाकटीने टॉवेल पोरीभोवती गुंडाळला आणि तिला नुसती धरून बसली.

"आई, थंडी वाजतेय," खारू म्हणाली.

त्याच आठवड्यात म्हातारी टेकडीवरून पडली. फार नाही, खडीवरून पाय सरकला आणि बसल्याबसल्या दोन-तीन हात खाली आली. पण घोटा सुजला, तळहात सोलवटले. खाणीतल्या माणसांनी तिला आधार देत घरी आणलं, आणि एवढं होऊनही पदरातला पाला तिने सोडला नव्हता.

"आई, आता पुरे," मुलगा चिडून म्हणाला. "त्या पाल्यापायी जीव देणार आहेस का?"

"तुला काय कळतंय? एकदा जमलंय मला. एकदा जमलं ते पुन्हा का जमू नये?" मग ती सुनेकडे वळली. "तूच सांग याला. तू तर पोरीची मान बघितलीस ना?"

धाकटी तिचा घोटा गरम फडक्याने शेकत होती. तिला वाटलं, आता सांगावं. आत्ता, या क्षणी. पण म्हातारीचा सोललेला तळहात तिच्या खांद्यावर होता. "बघितली," असं म्हणून तिने फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

घोटा जरा उतरला असेल नसेल, तोवर गवंड्याची बायको दारात आली. तिच्या खांद्यावरचं बाळ अजून बसतही नव्हतं. दोन्ही गाल लाल, त्यावर पिवळट खपल्या, खपल्यांतून पाणी. बाळ गाल आईच्या खांद्यावर घासायचं आणि किंचाळायचं. बाईचे डोळे रडून सुजले होते.

"आजी, काहीतरी कर. सगळे म्हणतायत, तुझ्या नातीला लावतेस तेच दे."

म्हातारीने बाळाकडे बघितलं. मोठ्या डब्यातल्या मलमावर आता तिचा स्वतःचाच भरवसा उरला नव्हता. क्षणभर विचार करून ती खुरडत कोनाड्याकडे गेली आणि खारूची छोटी डबी घेऊन आली. "ही ने. आमच्या खारूची आहे. पहिल्या वेळेला जमलं त्यातलंच आहे बघ हे, त्यावरच वाढवत गेलेय. गालांना दोन्ही वेळा लाव."

गवंड्याच्या बायकोने हात पुढे केला आणि मधल्या मधे धाकटीने डबी हिसकावून घेतली.

"ही नाही द्यायची."

गवंड्याच्या बायकोचा हात तसाच पुढे राहिला.

"का गं?" म्हातारी म्हणाली.

धाकटीने डबी छातीशी धरली. "माझ्या पोरीची आहे. तिला कमी पडेल. त्यांना... त्यांना मोठ्या डब्यातलं द्या."

गवंड्याच्या बायकोचा चेहरा पडला. तिने बाळाला पदराखाली घेतलं, चपला पायात सरकवल्या, आणि दारातून म्हणाली, "राहू दे आजी. तुझ्या घरातलं तुझ्या घराला पुरलं म्हणजे झालं."

म्हातारीचं तोंड उतरून गेलं. इतक्या वर्षांत तिच्या दारातून मलम न घेता कुणी गेलं नव्हतं. "आज माझी मान खाली घातलीस तू," ती सुनेला म्हणाली. "एवढीशी डबी! पोटची पोर तुझीच का फक्त?" संध्याकाळपर्यंत हौदावर सगळ्यांना कळलं होतं की मलमआजीची सून कंजूष निघाली. धाकटी लोकर पिळत होती. बाजूच्या बायका तिच्याकडे पाठ करून बोलत होत्या, आणि तिला वाटत होतं, बोलू देत, खुशाल बोलू देत. कंजूष तर कंजूष. ते एक नाव सोसलं की दुसरं टळेल.

पण टळायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हौदावर कढत पाण्यात लोकर बुडवत उभी असताना नवरा मेंढ्या घेऊन जाता जाता म्हणाला, "आई बघ, काठी टेकत निघालीय. गवंड्याकडे जाते म्हणाली. कोनाड्यातली ती डबी पुन्हा काढून घेतलीय. म्हणते, बाळाला स्वतःच्या हाताने लावून येते."

धाकटीच्या हातातून काठी सुटली. ती तशीच पळाली. ओला पदर पायांत येत होता, हातांवरून सोड्याचं पाणी ओघळत होतं, आणि वारा लागून भेगा अशा झोंबत होत्या की दुसऱ्या कुठल्या वेळी ती रडली असती. बांधापाशी तिने म्हातारीला गाठलं आणि तिच्यापुढे आडवी उभी राहिली.

"आई, लावू नका ते. पाया पडते."

"हो बाजूला."

"त्यात औषध आहे. दुकानातलं."

म्हातारी थांबली. "कशात?"

"डबीत. ट्यूब मिळते ती. मी घालते. खारूचीही कातडी पातळ झालीय त्याने, शिरा दिसतायत. एवढ्याशा बाळाच्या गालाला नको, आई."

वाऱ्याने म्हातारीच्या डोक्यावरचा पदर उडाला. तिने तो सावरलाही नाही. "कधीपासून घालतेस?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे... ती मान साफ झाली, मी कडेवर घेऊन फिरले..."

"हो."

म्हातारी हळूच बांधावर बसली. तिने डबी उघडली, नाकाशी धरली, बोटावर थोडं घेऊन चोळलं. इतकी वर्षं तिने मलम केलं, पण आता तिला त्यात काही ओळखता येत नव्हतं. झाकण लावून ती म्हणाली, "मी पडले तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"माझा पाय शेकत होतीस. तेव्हाही."

धाकटीने ओल्या पदरात तोंड लपवलं. ती रडू लागली.

"औषध घातलंस, घातलंस. पोरीसाठी घातलंस. पण तू मला चढू दिलंस," म्हातारी म्हणाली. "दर वेळी बघत होतीस, आणि चढू दिलंस."

मग ती काठी टेकून उठली आणि गवंड्याच्या घराकडेच चालू लागली. धाकटी चार पावलं मागे ठेवून तिच्यामागून गेली.

गवंड्याची बायको दारातच होती. आजीला बघून तिने तोंड फिरवलं. शेजारच्या दोघी-तिघी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. म्हातारीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हे मलम माझं नाही. यात दुकानातली ट्यूब आहे. नातीला गुण आला तो त्या ट्यूबचा, माझ्या पाल्याचा नाही. बाळाला हे लावायचं नाही. काल माझ्या सुनेने डबी हिसकावली ते बाळासाठी. कंजूष म्हणू नका तिला."

"आजी, बस तरी," एवढंच गवंड्याची बायको म्हणाली. म्हातारी बसली नाही. परत येताना तिचा एक पाय जास्तच ओढत होता. धाकटी हात द्यायला पुढे झाली, तर तिने तो घेतला नाही.

दोन दिवसांनी त्या डॉक्टरकडे गेल्या. म्हातारी स्वतःहून आली आणि गवंड्याच्या बायकोलाही बाळासकट घेऊन आली. डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला साधी. तिने बाळाला आधी बघितलं, धुण्याचं आणि लावण्याचं समजावून त्या दोघांना बाहेर बसवलं. मग खारूचे कोपर, मान, काखा बघितल्या आणि रिकाम्या ट्यूबा हातात घेतल्या.

"हे स्टेरॉइड आहे. वाईट औषध नाही, मीही देते. पण हे जोराचं आहे, आणि थोड्या दिवसांपुरतं असतं. ते किती, कुठे, कधी थांबवायचं, हे कुणीतरी बघावं लागतं. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"मी विचारलंच नाही," धाकटी म्हणाली.

"आता एकदम तोडलं तर पुन्हा भडकेल. हलकं देते, हळूहळू कमी करत सोडवू. मध्ये त्रास होईल, धीर धरा. आणि एक सांगते, ही खाज मुळापासून उपटून काढता येत नाही. कातडी कोरडी पडू द्यायची नाही. कोमट पाणी, सुती कपडे, लोकर अंगाला नको, आणि आंघोळ झाली की ओल्या अंगावर लगेच काहीतरी साधं, स्निग्ध."

म्हातारी टेबलाजवळ सरकली. आता तिने पदराखालून मोठा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. "हे चालेल?" जणू परीक्षेला बसल्यासारखी ती विचारत होती.

डॉक्टरीणबाईने काय काय घातलंय ते विचारलं. म्हातारीने एकेक सांगितलं. "लिंबाचा अर्क काढून टाका, तो झोंबतो. चरबी, मेण, तेल चांगलं. पण लोकरीची चरबी काही जणांना सोसत नाही, म्हणून आधी हातावर थोडं लावून बघायचं. हा पाला कशासाठी?"

"सासूपासून घालत आलोय."

"मला त्याची माहिती नाही, आजी. आणि खात्री नाही ते फुटलेल्या कातडीवर लावा असं मी म्हणणार नाही."

म्हातारीने डब्याचं झाकण लावलं. घरी आल्यावर वळचणीला टांगलेल्या वरच्या पाल्याच्या जुड्या तिने एकेक करून सोडल्या आणि शेळ्यांपुढे टाकल्या. शेळ्यांनी त्या मिटक्या मारत खाल्ल्या.

पुढचे दिवस कठीण गेले. खारूची कातडी दोन वेळा पेटली. ती रडायची, आणि आई तिचे हात धरून बसायची. मेंढीच्या लोकरीची जी घोंगडी पोरगी जन्मल्यापासून अंगावर घ्यायची ती म्हातारीने स्वतः उचलून मुलाच्या अंथरुणात टाकली आणि आपली जुनी सुती लुगडी शिवून नातीला पांघरूण केलं. नवं मलम झालं. त्याला ना वास, ना पाला, दिसायलाही बेंगरूळ. आधी स्वतःच्या मनगटावर लावलं, मग खारूच्या, आणि दोन दिवस वाट बघितली. हौदावर ते वाटताना ती प्रत्येकीला बजावायची, "याने खरूज जाणार नाही. भेगा मऊ पडतील, एवढंच. आणि काही झालं तर मला खरं सांगायचं." एक-दोघींनी नाक मुरडलं. बाकीच्यांनी नेलं, कारण हात तर फुटतच होते.

सुनेशी ती कामापुरतं बोलायची. मीठ दे, पाणी तापव, मेंढ्या आल्या का. धाकटीच्या हातांना मात्र तिने मलम दिलं नाही, आणि धाकटीने मागितलं नाही. एरवी कातरणी सरली की पहिला हात सुनेचाच धरायची ती. आता धाकटीच्या बोटांच्या बेचक्या उघड्या पडल्या होत्या. भाकरी थापताना परातीत रक्ताचा डाग दिसला की ती पटकन पीठ उलटवायची. आपल्याला हेच हवं, असं तिने स्वतःला समजावलं होतं. पण सासूचा हात हवा होता, आणि तो न मिळाल्याचं दुःख भेगांपेक्षा मोठं होतं.

वारा पडायला लागला तेव्हाची एक संध्याकाळ. आंघोळ करून आलेली खारू आजीच्या मांडीवर बसली होती. मानेवरचा लालपणा ओसरला होता, कोपरांवर अजून खरबरीत चट्टे होते. आजीने मलमाचं बोट फिरवलं आणि सवयीने विचारलं, "काय गं खारूबाई, कसं वाटतंय?"

खारूने आधी आईकडे बघितलं.

धाकटी चुलीपाशी बसली होती. तिने मान हलवली नाही. ती नुसती पोरीकडे बघत राहिली.

"खाजतंय," खारू म्हणाली. मग घाबरून पुन्हा आईकडे, पुन्हा आजीकडे बघितलं. "कालच्यापेक्षा कमी. पण खाजतंय."

"कुठे?"

"इथे. आणि इथे."

"खाजणारच. रोज सांग मला. खाजलं की सांग, नाही खाजलं तरी सांग." म्हातारीने त्या दोन्ही जागी आणखी एकेक बोट लावलं, पोरीला मांडीवरून उतरवलं, आणि डब्याचं झाकण लावता लावता थांबली. चुलीकडे बघत म्हणाली, "हात आण तुझे."

धाकटीला आधी कळलंच नाही.

"तुलाच म्हणते. हात झोंबतायत तुझे, ते काय मला दिसत नाही? आण इकडे."

धाकटी सरकत पुढे आली. पदराला हात पुसून तिने ते सासूच्या मांडीवर ठेवले. म्हातारीने उजवा हात उचलला, उजेडाकडे वळवला, आणि अंगठ्याने हळूहळू एकेका बेचक्यात मलम भरू लागली. तिच्या स्वतःच्या तळहातावर पडल्याच्या खुणा अजून होत्या.

"जळजळतंय का?"

नाही, हे उत्तर धाकटीच्या ओठांवर आलं होतं. इतक्या दिवसांची सवय होती. तिने ते गिळलं.

"जळजळतंय, आई," ती म्हणाली. "खूप जळजळतंय."

"हं," म्हातारी म्हणाली, आणि दुसरा हात घेतला.